दोन हंगाम बुडाले, आता खंडाची शेती ठेवायची की सोडायची? कर्जत-खालापूरच्या भातशेतीचा हिशेब

दिवाळीच्या आगेमागे भात झोडून होतं, पोती मोजली जातात. जमीन स्वतःची असेल तर मोजणी तिथंच संपते. जमीन खंडाची असेल तर त्यातली काही पोती बाजूला काढावी लागतात. ती किती काढायची हे पेरणीच्या आधी ठरलेलं असतं. पाऊस कसा पडला याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नसतो.

हंगाम चांगला गेला की हे कुणाला जाणवत नाही. पण लागोपाठ दोन वर्षं पीक बुडालं की घरात एकच विषय सुरू होतो: पुढच्या वर्षी जमीन ठेवायची का? म्हातारी माणसं म्हणतात, सोडू नका, दुसरा कुणीतरी घेईल आणि मग परत मिळायची नाही. तरुण पोरं म्हणतात, त्यापेक्षा खोपोलीच्या कारखान्यात रोजंदारी बरी. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं.

रायगडच्या आतल्या भागात, म्हणजे कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, हा प्रश्न बऱ्याच घरांत दरवर्षी निघतो. त्याचं उत्तर हिशेबानं कसं काढता येईल ते पाहूया.

खंड म्हणजे नक्की काय?

तुम्ही कधी सातबारा नीट पाहिला असेल, तर त्यावर ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. बहुतेक लोक तो न वाचताच पुढे जातात. खंड म्हणजे दुसऱ्याची जमीन कसण्याबद्दल मालकाला वर्षाला द्यायचा मोबदला. कोकणात तो पूर्वीपासून भातात ठरत आला. अमुक मण, तमुक खंडी. २० मणांची एक खंडी. आता बोली क्विंटलात किंवा रोख पैशांत होते, पण शब्द तोच राहिला आहे.

व्यवहाराचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला ठरीव खंड, म्हणजे मक्ता. पीक येवो न येवो, एकरी इतकं भात किंवा इतके पैसे द्यायचे. दुसरा अर्धेली. जे पिकेल ते निम्मं-निम्मं, आणि बी-खताचा, ट्रॅक्टरचा खर्चही बहुतेक ठिकाणी वाटून. ठरीव खंडात पावसाचा सगळा धोका कसणाऱ्यावर असतो, अर्धेलीत तो दोघांत वाटला जातो. हे वाचायला साधं वाटतं. पण दोन हंगाम बुडाल्यावर सगळा निर्णय याच एका गोष्टीवर येऊन थांबतो.

मग हे कागदावर का नसतं?

कारण मालकाला भीती असते की ‘कूळ लागेल’.

ही भीती कुठून आली ते समजायला थोडं मागं जावं लागेल, आणि गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. त्या काळी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात खोती पद्धत होती. खोत आणि सावकारांच्या जमिनी कुळं कसायची आणि पिकातला मोठा वाटा खंड म्हणून द्यायची. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी ठरवलं की आता जमीन कसायचीच नाही. परिसरातली गावं त्यात उतरली. हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षं चालला. तेवढा काळ संपकऱ्यांची शेतं ओस राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

म्हणजे ‘जमीन ठेवायची की सोडायची’ या प्रश्नाला एकदा अख्ख्या गावांनी मिळून ‘सोडायची’ असं उत्तर दिलं होतं, आणि त्यातून कायदा हलला. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा आला, १९४८ मध्ये मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. त्यातल्या पुढच्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. पुढे नव्यानं निर्माण झालेल्या कुळालाही ठरावीक मुदतीत जमीन विकत घेण्याचा हक्क मागता येतो, अशी तरतूद या कायद्यात आहे.

कुळांसाठी हा फार मोठा दिलासा होता. पण याचाच दुसरा परिणाम असा की आजचा जमीनमालक कागद करायलाच तयार होत नाही. व्यवहार तोंडी, एका वर्षाचा, नाहीतर अकरा महिन्यांचा. दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलायचा, म्हणजे कुणाचा हक्क बसायला नको. ज्या कायद्यानं आजोबाला जमीन मिळवून दिली, त्याच कायद्याच्या धाकानं नातवाला खंडाच्या जमिनीची पावती मिळत नाही.

थांबा, आधी तुम्ही नक्की कोण आहात ते पाहा

हिशेबाला बसण्यापूर्वी एक काम करा. त्या जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार काढून बघा. तुमच्या आजोबांचं किंवा वडिलांचं नाव ‘कूळ’ म्हणून लागलेलं आहे का? असेल, तर तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही एका वर्षाचे खंडकरी नाही, तुमचा त्या जमिनीत हक्क असू शकतो. दोन वर्षं भात बुडालं म्हणून ‘घ्या बाबा तुमची जमीन’ असं रागाच्या भरात म्हणून टाकू नका आणि कुठल्या कोऱ्या कागदावर सहीही करू नका. कुळानं जमीन सोडायची तर त्याचा राजीनामा लेखी लागतो आणि तहसीलदारासमोर त्याची पडताळणी व्हावी लागते, असं कायदाच सांगतो. कर्जत आणि खालापूरमध्ये आज जमिनीला जो भाव आला आहे, तो पाहता दोन हंगामांचं नुकसान त्या हक्कापुढे काहीच नाही. अशा वेळी आधी वकील गाठा, बाकीचं नंतर.

नाव कुठेच नसेल, व्यवहार खरोखर वर्षावर्षाचाच असेल, तर पुढचा हिशेब तुमच्यासाठी आहे.

पीक आभाळानं बुडवलं की जमिनीनं?

कर्जत-खालापूरला जून ते सप्टेंबर ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे इथं हंगाम वाईट गेला म्हणजे दुष्काळ पडला असं सहसा नसतं. पाऊस नको तेव्हा येतो, हे इथलं दुखणं. जूनमध्ये ओढ दिली की आवण वाढत नाही आणि लावणी लांबते. जुलैत उल्हास किंवा पाताळगंगा फुगली की नदीकाठची लावणी वाहून जाते किंवा गाळाखाली जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑक्टोबरातला परतीचा पाऊस. तेव्हा खर्च सगळा होऊन गेलेला असतो, भात कापून शेतात आडवं पडलेलं असतं, आणि त्याला तिथंच मोड येतात. २०१९ हे वर्ष अनेकांना आठवत असेल. जुलैत उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, ती बातमी देशभर गाजली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी अवकाळी पावसानं राज्यभर उभी आणि कापलेली पिकं झोडपली, ती बातमी शेतकऱ्यांनाच जास्त लक्षात राहिली. २०२५ मध्ये उलटंच झालं. मोसमी पाऊस मे महिन्यातच, २६ तारखेला मुंबईत पोहोचला.

तर, पीक का बुडालं हे शोधायची एक सोपी पद्धत आहे. शेजारच्या खाचरात काय झालं ते विचारा. एकाच टापूतल्या चार जणांचं भात सारखंच कमी आलं असेल, तर दोष आभाळाचा. तुमचंच कमी आलं आणि बांधापलीकडच्याचं बरं आलं, तर दोष जमिनीत, बियाण्यात किंवा वेळेत आहे. त्यातलं बरंचसं सुधारता येतं.

उदाहरणार्थ, भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे तीन प्रकार. उताराच्या, पाणी न ठरणाऱ्या जागी हळवं लावायचं, खोलगट पाणथळ खाचरात गरवं. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचं आहे. कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ ही तिथून आलेली हळवी वाणं महाराष्ट्रभर गेली. पण खंडाचं शेत नवीन घेतलेलं असेल तर पहिल्या वर्षी आपण आपल्याकडे असलेलं बियाणं टाकून मोकळे होतो. मग हळवं भात पाणथळात पडतं आणि ऐन परतीच्या पावसात कापणीला येतं. या चुकीचा दोष खंडाला देण्यात अर्थ नाही.

तिसरी शक्यता अशी की नुकसान मालकाच्या बाजूच्या कामामुळे झालं. बांध खेकड्यांनी पोखरलाय, पाणी थांबतच नाही. किंवा जमीन राजनाल्याच्या लाभक्षेत्रातली म्हणून जास्त खंड बोलला आणि पाणी काही आलं नाही. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिवपुरीच्या टाटा जलविद्युत केंद्रात वीज बनवून झाल्यावर जे पाणी बाहेर पडतं, त्यावर राजनाला कालवा चालतो आणि कर्जत तालुक्यात उन्हाळी भात होतं. भिवपुरीचं हे केंद्र १९२२ चं.) दुबार पिकाचा खंड आणि एकाच पिकाचा खंड सारखा असू शकत नाही. कालवा दुरुस्तीसाठी बंद राहणार असेल, तर खंडही त्या हिशेबानं खाली आला पाहिजे. हे मालकाला सांगायला लाजू नका. त्यालाही ते ठाऊक असतं, फक्त तो स्वतःहून बोलत नाही.

आता आकडे मांडू

हे आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. हिशेब सोपा जावा म्हणून भाव २,००० रुपये क्विंटल धरू. सरकारनं २०२५-२६ साठी साधारण प्रतीच्या भाताला २,३६९ रुपये हमीभाव जाहीर केला होता, पण तो कुणाला मिळतो ते पुढे येईलच.

समजा एक एकर. चांगल्या वर्षी १५ क्विंटल भात, वाईट वर्षी ८ क्विंटल. ट्रॅक्टर, बी, खत, बाहेरची मजुरी मिळून रोख खर्च १२,००० रुपये. घरच्या माणसांचे दिवस यात धरलेले नाहीत.

ठरीव खंड ३ क्विंटल असेल, तर चांगल्या वर्षी तुमच्याकडे १२ क्विंटल राहतात, म्हणजे २४,००० रुपये. खर्च वजा जाता १२,००० उरले. वाईट वर्षी ८ मधून ३ गेले, राहिले ५, म्हणजे १०,००० रुपये. खर्च वजा जाता २,००० रुपयांचा तोटा.

अर्धेली असेल आणि रोख खर्चही निम्मा असेल, तर चांगल्या वर्षी साडेसात क्विंटलचे १५,००० रुपये, वजा ६,०००, उरले ९,०००. वाईट वर्षी ४ क्विंटलचे ८,०००, वजा ६,०००, उरले २,०००.

आता तीन-तीन वर्षांचा गट करून बघा. तीनपैकी दोन वर्षं चांगली, एक वाईट: ठरीव खंडात २२,००० रुपये, अर्धेलीत २०,०००. तीनपैकी दोन वाईट, एकच चांगलं: ठरीव खंडात ८,०००, अर्धेलीत १३,०००.

म्हणजे वाईट वर्षं वाढली की ठरीव खंड अर्धेलीच्या मागं पडतो. वरच्या हिशेबात ठरीव खंडाला नुसता खर्च निघायला एकरी ९ क्विंटल पिकावे लागतात, अर्धेलीत ६ क्विंटलला निघतो. त्यामुळे दोन हंगाम बुडाल्यावर पहिला प्रश्न ‘जमीन सोडू का’ हा नसावाच. ‘याच जमिनीचा खंड अर्धेलीवर येईल का’ हा असावा. पुष्कळ घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही, थेट सोडायचीच बोलणी सुरू होतात.

मजुरीचाही हिशेब करून बघा. घरच्यांचे मिळून वर्षाला ४० दिवस लागले असं धरलं, तर ठरीव खंडावर दोन वाईट आणि एका चांगल्या वर्षात १२० दिवसांचे ८,००० रुपये पडतात. दिवसाला ६७ रुपये सुद्धा नाहीत. फार्महाऊसवर बागकामाला जाणारा माणूस याच्या कितीतरी पट घेऊन येतो. तरुण पोरं जे म्हणतात ते याच आकड्यावरून.

पण म्हाताऱ्यांच्या बाजूचाही एक आकडा आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो तांदूळ धरा. वर्षाला ७३० किलो झाले. भात भरडल्यावर साधारण दोन-तृतीयांश तांदूळ हाती येतो, म्हणजे त्यासाठी ११ क्विंटलच्या आसपास भात लागतं. चांगल्या वर्षी एक एकर खंडाची जमीन हे सगळं देते. रेशनचा तांदूळ मिळतो हे खरं, पण तो पुरत नाही आणि अनेक घरांत त्याची भाकरीही आवडत नाही. बाजारचा तांदूळ दुकानदाराच्या भावानं घ्यावा लागतो, २,००० रुपये क्विंटल भाताच्या भावानं नाही. शिवाय पेंढा. घरात एक जरी म्हैस असली तरी पेंढ्याची किंमत वरच्या हिशेबात मिळवा. भात विकणाऱ्या घरासाठी आणि भात खाणाऱ्या घरासाठी या प्रश्नाचं उत्तर वेगळं येतं ते यामुळेच.

भरपाई कुणाच्या खात्यात?

खरी गोम इथं आहे. नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलं तर सरकारी मदत मिळते. केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषात कोरडवाहू पिकासाठी हा दर हेक्टरी ८,५०० रुपये आहे, म्हणजे एकरी ३,४००. राज्य सरकार अधूनमधून यात भर घालतं. वरच्या उदाहरणातला वाईट वर्षाचा २,००० रुपयांचा तोटा या एका रकमेनं भरून निघून वर १,४०० रुपये हातात राहिले असते.

पण पंचनामा सातबाऱ्यावरच्या नावानं होतो आणि पैसे मालकाच्या खात्यात जातात. खर्च कसणाऱ्याचा, घाम कसणाऱ्याचा, मदत मालकाला. पीएम किसानचे पैसे जमीनधारकालाच मिळतात, खंडकऱ्याला नाहीत. हमीभाव केंद्रावर भात घालायचं तर सातबारा आणि पीक पाहणीची नोंद लागते, म्हणजे पुन्हा मालकाच्या नावानं किंवा त्याच्या मेहेरबानीनं. गेल्या काही वर्षांत राज्यानं धान उत्पादकांना हेक्टरी बोनस दिला, तोही नोंद असलेल्यालाच. पीक विम्यात खंडकऱ्याला भाग घेता येतो, पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. आणि करार करायला मालक तयार नसतो, कारण कूळ लागेल. गाडी फिरून पुन्हा तिथंच.

आंध्र प्रदेशनं २०१९ मध्ये यावर एक तोडगा काढला. तिथं मालक आणि कसणारा यांच्यात अकरा महिन्यांचा करार होतो, त्यावर कसणाऱ्याला कार्ड मिळतं. त्या कार्डावर कर्ज, विमा, भरपाई मिळू शकते, मात्र जमिनीवर त्याचा कुठलाही हक्क तयार होत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. त्याआधी २०१६ मध्ये नीती आयोगानंही याच दिशेनं जाणारा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला होता.

तोवर आपल्याकडे काय करायचं? तोंडी बोलीतच ही गोष्ट आधी ठरवून घ्यायची. ‘काका, भरपाई आली तर ती खंडातून वजा’ एवढं एक वाक्य पेरणीच्या आधी, चार माणसांत, बोलून घ्यावं. पीक बुडाल्यावर हेच वाक्य बोललं की भांडण होतं.

रानडुक्कर, भेकर आणि अमेरिकेतला वेगळाच पट्टा

माथेरानच्या पायथ्याची किंवा भीमाशंकरच्या बाजूची जंगलालगतची जमीन असेल, तर आणखी एक वाटेकरी असतो. तो म्हणजे रानडुक्कर. दाणे भरायच्या वेळी एका रात्रीत खाचर लोळवून टाकतो. भेकरं येतात, माकडं येतात.

अमेरिकेत, विशेषतः टेक्सासमध्ये, हरणांची शिकार करायला लोक शेतकऱ्याकडून जमीन वर्षाच्या पट्ट्यानं घेतात. शेतकऱ्याला हरणांमुळे उलट उत्पन्न मिळतं. आणि दोन-तीन हंगाम हरीण मिळालं नाही की तिथला शिकारीही आपल्यासारखाच डोकं धरून बसतो, की पट्टा ठेवू का सोडू! आपल्याकडे असा पट्टा होऊच शकत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर वन विभागाकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्यावा लागतो. आणि अर्थातच, सातबारा जोडावा लागतो.

त्यामुळे जंगलकडेच्या जमिनीचा खंड गावाजवळच्या जमिनीइतका कधीच असू नये. रात्रीची राखण हीसुद्धा मजुरीच आहे.

एका वर्षाची बोली असेल तर सुधारणा कोण करणार?

नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं ‘सगुणा राइस तंत्र’, म्हणजे एसआरटी, आता पुष्कळांना माहीत आहे. चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफे एकदाच करायचे, त्यावर टोकण करायची, आणि पुढची वर्षं न नांगरता तेच वाफे वापरायचे. लावणीच्या मजुरांची वाट बघत बसणाऱ्या शेतकऱ्याला हे बरंच सोयीचं आहे.

पण खंडकऱ्याच्या नजरेनं बघा. वाफे करायचा खर्च पहिल्या वर्षी, फायदा पुढच्या वर्षांत. जमीन पुढच्या वर्षी आपल्याकडे असेल की नाही हेच माहीत नसेल, तर तो खर्च कोण करेल? तीच गोष्ट बांधाच्या दुरुस्तीची आणि शेणखताची. एका वर्षाच्या बोलीत जमीन हळूहळू निकस होत जाते आणि मग आपणच म्हणतो की हंगाम वाईट गेला.

माझ्या मते अर्धेलीच्या खालोखाल महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मालक निदान तीन वर्षांचा शब्द देतोय का? देत असेल तर दोन वाईट वर्षांनंतरही जमीन ठेवण्यात अर्थ आहे, कारण ती सुधारता येईल. देत नसेल, तर तो का देत नाही ते शोधा. या दोन तालुक्यांत बऱ्याच जमिनी मुंबई-पुण्याच्या लोकांनी घेऊन ठेवल्या आहेत. भाव वाढला की विकायच्या, तोवर पडीक दिसू नये म्हणून कुणाला तरी कसायला द्यायच्या. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचं काम सुरू झाल्यापासून तर प्रत्येक खाचराकडे लोक प्लॉट म्हणूनच बघतात. अशा जमिनीत दमडीचीही गुंतवणूक करू नये. खंड नाममात्र असेल तर कसावी, नाहीतर द्यावी सोडून.

(इथं शहरातल्या वाचकांसाठी एक सूचना. ‘आपणही कर्जतला एक एकर भाड्यानं घेऊन शेती करू’ असं मनात आलं असेल, तर आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, तशीच ती पट्ट्यानंही घेता येत नाही.)

आणखी एक गोष्ट बोलीत सुटून जाते. रब्बीतला वाल कुणाचा? भात निघाल्यावर जमिनीत ओल असते, त्यावर वाल, मूग, हरभरा होतो. पोपटीच्या दिवसांत वालाच्या शेंगांना काय भाव येतो ते सांगायला नको. काही मालक खंड फक्त खरिपाचा धरतात आणि रब्बीला जमीन काढून घेतात किंवा गुरांना मोकळी सोडतात. दोन वर्षं भात बुडालेलं असेल, तर खंड तोच ठेवून वालाचा हंगाम मागून घेणं हाही एक मार्ग आहे. मालकाच्या खिशातून काही जात नाही, म्हणून तो सहसा नाही म्हणत नाही.

सोडायचीच असेल तर

शेजारच्या खाचरांपेक्षा आपलं भात सतत कमी येतंय, वाण बदलूनही फरक नाही. मालक अर्धेलीला तयार नाही, भरपाई वजा करायला तयार नाही, पुढच्या वर्षाचा शब्द देत नाही. आणि घर खायच्या भातासाठी या जमिनीवर अवलंबून नाही. असं सगळं जुळून आलं तर जमीन सोडावी. ‘गेल्या वर्षी बांधाला एवढा खर्च केला’ म्हणून ठेवू नये. तो पैसा गेला. जमीन ठेवली तरी तो परत येत नाही.

मात्र सांगायची वेळ पाळा. पाडव्यापासून राब भाजेपर्यंतच्या दिवसांत या बोली होतात. राब भाजून झाल्यावर, आवणाचं बी टाकल्यावर सोडली तर मालकाला दुसरा माणूस मिळत नाही, जमीन पडीक राहते आणि संबंध तुटतात. त्याच मालकाची दुसरी, पाण्याखालची जमीन उद्या रिकामी होऊ शकते. मागच्या खंडाची बाकी असेल तर ती किती आणि कधी देणार हे त्याच बैठकीत सांगून टाका. जमीन सोडताना बांधावरची स्वतः लावलेली झाडं, शेवगा असो की आंबा, कुणाची हेही तेव्हाच बोलून घ्या. भाताचे पैसे लोक विसरतात, आंब्याच्या झाडावरून मात्र दोन पिढ्या बोलत नाहीत.